उंबऱ्यावरचे अकरा काटे

माझ्या भावाने माझ्या जावयाचा हात मनगटापासून तोडला, तेव्हा भावाच्या शर्टावर डाव्या खांद्याशी जो काटा टोचलेला होता, तो माझ्या अहवालातून उचललेला होता. चित्र क्रमांक चार. चित्राखालचं नावही मीच लिहिलेलं: चक्री काटा, स्थानिक. म्हणून ही हकीकत मीच सांगायला हवी. दुसरं कुणी सांगेल ते आपल्या बाजूने सांगेल, आणि बाजू घेणाऱ्यांचा मला आता वीट आलाय.

मी सुचेता ओतारी, तापीकाठच्या सारवडची. आमचं घराणं काशाचं काम करणाऱ्या ओताऱ्यांचं. बाप जोडवी, घुंगरं, देवळाच्या घंटा ओतायचा. मला त्या भट्टीच्या धुराचा लहानपणापासून तिटकारा. शिकले, धातुशास्त्रात डॉक्टर झाले, पांढरा कोट घातला आणि पुन्हा मुशीला हात लावला नाही. भाऊ गजानन माझ्याहून पाच वर्षांनी लहान. तो भट्टीवरच राहिला. माझा नवरा केतकी सहा वर्षांची असताना गेला, तेव्हा मी परदेशी शिकत होते. पोरीला गजाने वाढवलं. तिला सायकल त्याने शिकवली, शाळेत मारामारी केली म्हणून हेडमास्तरांपुढे तो उभा राहिला. मामा म्हणजे तिला बापाच्या जागी. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना लोक हे विसरतात.

आता पाण्याची गोष्ट. समुद्राने किनाऱ्यावरची गावं गिळली, तेव्हा सरकारने चार हजार कोळी कुटुंबं उचलून आमच्या तापीकाठी वसवली. त्या वसाहतीचं नाव दर्यानगर. दर्या तीनशे किलोमीटरवर राहिला, पण नाव ठेवायला काय जातं. एकच कालवा, एकच पाणी आणि प्यायला दुप्पट तोंडं. मग आला पूर्ववास कायदा. ज्या समाजाचे पूर्वज या खोऱ्यात आधी होते, त्याचा पाण्यावर पहिला हक्क. दर्यानगरवाले म्हणाले, आमचेही पूर्वज हजारो वर्षांमागे नदीने इथवर येत होते. सारवडवाले म्हणाले, सिद्ध करा. गाव आणि वसाहत यांच्या बरोबर मध्ये एक जुनी पांढर होती, म्हणजे मोडून गेलेल्या वस्तीचं टेकाड. पाण्याच्या तंट्यासाठी नेमलेल्या लवादाने ती खणायचा हुकूम दिला आणि सापडेल त्या धातूची परीक्षा माझ्याकडे सोपवली.

सापडली ती एक जळालेली वस्ती. तीन हजार चारशे वर्षांपूर्वीची. माणसं पळता पळता मेलेली. अंगावरची वस्त्रं कधीच मातीला मिळाली होती, पण वस्त्र खांद्याशी अडकवायचे तांब्याचे काटे प्रत्येक सांगाड्याच्या खांद्याशी जिथल्या तिथे होते. काट्यांचे घाट दोन. एकाचं डोकं चकलीसारखं वळलेलं, तो चक्री. दुसऱ्याचं माशाच्या शेपटीसारखं दुभंगलेलं, तो शेपटी. एकूण चौसष्ट काटे.

माझ्या प्रयोगशाळेत तेव्हा नुकतंच एक यंत्र आलं होतं. त्याचं कारखान्यातलं नाव लांबलचक, आम्ही त्याला कसोटी म्हणायचो. तांब्यात नेहमी थोडं शिसं असतं, आणि त्या शिशाचे चार भाऊ असतात, दिसायला एकसारखे, वजनाला किंचित वेगळे. त्या चार समस्थानिकांचं आपसातलं प्रमाण प्रत्येक डोंगरात निराळं. तांबं वितळवा, ठोका, हजारो वर्षं पुरून ठेवा, ते प्रमाण हलत नाही. कसोटी केसाहून बारीक कण लेसरने उडवते आणि सांगते, हे तांबं अमुक खाणीचं. शिवाय तांब्यावरचा हिरवा गंज जंतूंना जगू देत नाही, त्यामुळे काटा वापरणाऱ्याचा घाम त्या गंजात अडकून राहतो. त्या घामातून माणसाचं रक्ताचं नातं वाचता येतं. ते काम वेळखाऊ, एका काट्याला तीन आठवडे.

चक्री काटे निघाले उत्तरेकडच्या डोंगरांतल्या तांब्याचे. शेपटी काटे समुद्रापलीकडच्या तांब्याचे. म्हणजे दोन्ही लोक होते, दोन्ही दुरून आलेले. चक्री संख्येने जास्त, म्हणून चित्राखाली मी त्याला 'स्थानिक' लिहून टाकलं. इथवर ठीक होतं. पण एका मोठ्या घराच्या उंबऱ्यावर अकरा सांगाडे एकमेकांवर पडलेले होते, आणि त्यांच्या काट्यांचा आकडा कुठल्याच खाणीशी जुळेना. कसोटीने पडद्यावर शब्द टाकला: अनोळखी. घाट शेपटीचा, पण शेपटीची टोकं जरा आत वळलेली. मी टिपणात लिहिलं, शेपटी प्रकार, ओबडधोबड काम. सांगाड्यांत तांब्याची भाल्याची पाती मिळाली. मी लिहिलं, हे सशस्त्र होते. आणि शेवटी निष्कर्षात लिहिलं, शेपटी काटा लावणारी, अज्ञात खाणीचं तांबं बाळगणारी ही तिसरी तुकडी बहुधा किनाऱ्यावरून आली आणि हिनेच वस्ती जाळली असावी.

घाम वाचायला थांबले नाही. लवादाला घाई होती, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. खरं सांगू का, घाई मलाच होती. माझं नाव तीन देशांच्या नियतकालिकांत यायचं होतं.

अहवालातला 'बहुधा' बातम्यांनी पहिल्याच दिवशी गिळला, 'असावी' दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सारवडच्या चावडीवर फलक लागला: यांनी तेव्हाही गाव जाळलं होतं. आणि महिनाभरात माझ्या भावाच्या भट्टीतून चक्री काटे बाहेर पडू लागले. चित्र क्रमांक चारवरून साचा. सारवडच्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावर एक. पलीकडे दर्यानगरातल्या पोरांनी पत्रा कापून शेपट्या केल्या.

"गजा, हे काय चालवलंयस?" मी विचारलं.

"तूच शोधलंस ना, अक्का? आम्ही नुसतं ओततोय," तो हसून म्हणाला. तेव्हा तो अजून हसायचा.

मग 'काटा दाखव' सुरू झालं. एसटी थांब्यावर, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत. शुक्रवारच्या बाजारात मासे विकायला बसलेल्या एका बाईला काटा दाखवता आला नाही, तर चौघांनी तिच्या खांद्यात काटा हाडापर्यंत घुसवला आणि म्हणाले, आता दिसतोय. आठ दिवसांनी कालव्याच्या दारावर हिराजी नाखवा नावाच्या म्हाताऱ्याचं डोकं पाण्यात दाबून धरलं. पाण्यासाठी आलास ना, पी. तो मेला. त्याच्या तिसऱ्या दिवशी सारवडचं पंपघर पेटलं. आत दोन पहारेकरी होते. दार बाहेरून तारेने बांधलेलं. त्यांतला एक गजाचा एकुलता एक मुलगा, समर्थ. बावीस वर्षांचा. गजाने त्याला ओळखलं ते कमरेच्या पट्ट्याच्या बकलावरून, कारण ते त्यानेच ओतलेलं होतं.

त्यानंतर गजा हसला नाही.

माझी केतकी दर्यानगरात राहायची. तिने तीन वर्षांपूर्वी मोरेश्वर तांडेलशी लग्न केलं होतं. मोरेश्वर जाळी, दोर, तारा यांचं दुकान चालवायचा. केतकी तिथल्या शाळेत शिकवायची. लग्नाला विरोध कुणीच केला नव्हता, गजाने तर मुळीच नाही. उलट जोडवी त्याने स्वतः ओतली. आमच्याकडे एक रीत आहे. लेकीची जोडवी चांदीची करत नाहीत, काशाची करतात, आणि त्या मुशीत दोन्ही घरची मोड पडते. माहेरच्या एखाद्या फुटक्या भांड्याचा तुकडा आणि सासरच्या भांड्याचा तुकडा. आमच्याकडून माझी तळपाय घासायची काशाची वाटी गेली, टवका उडालेली. तांडेलांच्या घरी भांडं असं काही उरलंच नव्हतं. मोरेश्वरच्या आईने बुडालेल्या होडीची घंटा आणून दिली. गजाने ती डोक्याला लावली आणि मुशीत टाकली. "घंटेची जोडवी घातल्येस, आता नवऱ्याला रोज वाजव," असं तो भाचीला म्हणाला, आणि मांडवात हशा पिकला.

लवादाची सुनावणी सोमवारी होती. आधीच्या शुक्रवारी सकाळी केतकी माझ्या प्रयोगशाळेत आली. पूर्वी चिडवत यायची, त्या दिवशी खुर्चीवर नुसती बसली.

"आई, वर्गातली पोरं विचारतात, बाई तुमचा काटा कुठला. मी कुठला लावू?"

"कुठलाच लावू नकोस."

"न लावणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो." तिने वाकून पायातलं जोडवं काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. "तुझ्या यंत्राला विचार. ते म्हणेल तो लावते."

मला राग आला. असल्या थट्टेचा मला नेहमीच राग येतो. पण पोरीचं तोंड इतकं सुकलं होतं, की मी मुकाट्याने जोडवं कसोटीखाली सरकवलं. चार मिनिटांत पडद्यावर शब्द आला.

अनोळखी.

केतकी हसली. "बघ. तुझ्या यंत्राच्या मते मी जगात कुठलीच नाही."

"यंत्र मूर्ख आहे," मी म्हटलं. "यात दोन घरची मोड आहे. वाटीचा आकडा वेगळा, घंटेचा वेगळा. दोन्ही एका मुशीत वितळले की आकडा मधेच कुठेतरी पडणार. त्याला वाटतं एक दागिना म्हणजे एक खाण, म्हणून..."

  मी कपाटातून अकरा काट्यांचे आकडे काढले, आलेखाच्या कागदावर उत्तरेकडच्या तांब्याचा ठिपका टाकला, समुद्रापलीकडच्या तांब्याचा टाकला आणि मध्ये पट्टी ठेवून रेघ ओढली. अकराच्या अकरा ठिपके त्या रेघेवर बसले. कुणी या टोकाला जरा जवळ, कुणी त्या. तिसरी खाण नव्हतीच. तिसरे लोक नव्हतेच. दोन घरांची मोड एका मुशीत पडली होती. आणि वळलेल्या टोकांची ती शेपटी म्हणजे ओबडधोबड काम नव्हतं. शेपटीवर चक्री बसवलेली होती. तीन हजार चारशे वर्षांपूर्वीच्या कुणा ओताऱ्याने हौसेने केलेली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाकडून ही चूक झाली असती तर चाललं असतं. मी ओताऱ्याची पोर. माझ्या बापाने असली शेकडो जोडवी ओतली होती, आणि मी पांढरा कोट घालून तिथे अनोळखी खाण शोधत बसले.

अकरांपैकी दोन काट्यांचा घाम मी मधल्या काळात सवडीने वाचायला लावला होता. निकाल पंधरा दिवस पेटीत पडून होता, मी उघडला नव्हता. आता उघडला. एकाची आई शेपटीवाल्यांची, बाप चक्रीवाल्यांचा. दुसरीचं उलट. दोघंही मिश्र घरातली लेकरं. मग मी उंबऱ्याचे फोटो काढले आणि भाल्याची पाती बघितली. जो भाला धरतो त्याच्या भाल्याचं टोक त्याच्यापासून दूर असतं. इथे काही पात्यांची टोकं घराच्या आतल्या दिशेला होती, काहींची बाहेरच्या, आणि सगळी त्या अकरा जणांच्या फासळ्यांत होती. आतल्या दिशेची पाती उत्तरेच्या तांब्याची. बाहेरच्या दिशेची समुद्रापलीकडच्या. घरात एक बाजू होती, अंगणात दुसरी, आणि हे अकरा जण मध्ये उंबऱ्यात उभे राहिले होते. दोघांनी मिळून त्यांना मारलं. आणि मी त्यांनाच जाळपोळ करणारे ठरवलं होतं.

केतकीने जोडवं पुन्हा पायात घातलं. "मामाला सांग," ती म्हणाली. "तुझं तो ऐकेल. सोमवारपर्यंत थांबू नकोस."

ती परत दर्यानगरला गेली. मी तिला जाऊ दिलं. सुधारित अहवाल लिहून लवादाला पाठवायला मला दुपारचे बारा वाजले, आणि मग मी भट्टीवर गेले.

भट्टी थंड होती. गजा ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. आसपास तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाच्या खांद्यावर चक्री. मी त्याला आत बोलावलं आणि सगळं सांगितलं. रेघ दाखवली. बापाचं नाव घेतलं. तो अंगठ्याने कोयत्याची धार तपासत राहिला.

"झालं?" शेवटी तो म्हणाला. "अक्का, माझं पोरगं तारेने बांधलेल्या दाराआड जळालं. आणि तू मला तीन हजार वर्षांमागची लग्नं सांगतेस."

"माझं चुकलं, गजा. त्या चुकीवर तुम्ही सगळे..."

"तुझी चूक तू निस्तर. ती तार होडीच्या नांगराची आहे. अख्ख्या तालुक्यात ती एकाच दुकानात मिळते. तुझ्या जावयाच्या."

"विकली म्हणजे बांधली होत नाही."

"तेच विचारायला चाललोय." तो उठला. "केतकीला काढून आण. तिला धक्का लागता कामा नये. दोन तास देतो."

मी पोलिसांना फोन केला. कुमक निघाली आहे, म्हणाले. ती निघालेलीच राहिली.

दर्यानगरात घरं बंद होती आणि गल्ल्या मोकळ्या. मोरेश्वरच्या घरात पुढच्या खोलीत शेजारपाजारची बारा-तेरा पोरं भिंतीला टेकून बसली होती, कारण वसाहतीत तेवढंच एक घर सिमेंटच्या छताचं. आतल्या खोलीत त्याची आई अंथरुणाला खिळलेली. केतकी पोरांना पोहे वाढत होती.

"चल," मी म्हटलं. "मामाने तुझ्यासाठी दोन तास दिलेत."

"आणि यांच्यासाठी?" तिने पोरांकडे बोट दाखवलं. "आई, मी दारात उभी राहिले तर मामा आत येणार नाही. मी गेले तर येईल. एवढं साधं गणित आहे."

मी तिला ओढलं, शिव्या दिल्या, पाया पडते म्हटलं. मोरेश्वरही म्हणाला, "आई सांगत्यात तं जा गो. मी हाय हितं." ती त्याच्यावर खेकसली की पोह्यांची कढई उचल आणि पोरांना मागे ने. हट्टीपणा तिच्यात माझाच आलेला. दोन तास पुरे व्हायच्या आधीच गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली.

शंभर तरी होती. येताना वाटेतली चार घरं त्यांनी पेटवली होती. कडेच्या घरातून पळणाऱ्या एका माणसाला माझ्या डोळ्यांदेखत पाडलं आणि तो हलायचा थांबल्यावरही मारत राहिले. सगळ्यांत पुढे गजा. मी अंगणात त्याच्या आडवी आले. कुणीतरी माझ्या गुडघ्यावर लोखंडी गज मारला आणि मी पडले. पुढचं सगळं मी जमिनीवरून पाहिलंय.

मोरेश्वर उंबऱ्यात आला. एक हात चौकटीवर.

"तार तुझी?" गजाने विचारलं.

"तार माजी. नांगरासाठी नेली. पोरांनी काय केलं ते मंग कळलं, मामा. म्या बांधली नाय."

"कुणी बांधली?"

मोरेश्वरने चौकट घट्ट धरली. त्याला माहीत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. आपल्या वस्तीतली पोरं तो देणार नव्हता. गजाने कोयता चालवला. हात चौकटीखाली पडला आणि मोरेश्वर गुडघ्यांवर बसला, आवाजसुद्धा न करता. गजाने कोयता पुन्हा उचलला.

केतकी आतून धावत आली आणि नवऱ्याच्या पुढे उभी राहिली. तोंड मामाकडे. "मामा, मी," एवढंच म्हणाली.

मागल्या दाराने वसाहतीची काही पोरं घरात शिरली होती, हातात मासे मारायचे भाले. त्यांतल्या एकाने गजावर नेम धरून भाला फेकला. कोयता खाली येत होता, तो थांबवण्याइतका वेळ माझ्या भावाला मिळाला की नाही, मला ठाऊक नाही. कोयता तिच्या मानेवर बसला आणि भाला पाठीतून आत गेला. पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळात दोन्ही झालं. ती उंबऱ्यावर आडवी पडली. पायातली जोडवी आतल्या बाजूला आणि केस अंगणात.

गजाने कोयता टाकला आणि तिची मान दोन्ही हातांनी दाबून धरली, रक्त थांबवायला. डॉक्टर बोलवा, डॉक्टर बोलवा, असं तो त्याच माणसांना सांगत होता ज्यांना त्याने आणलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आमचा बाप म्हणायचा, आपल्याच माणसांवर उठणाऱ्यांबद्दल. संध्याकाळपर्यंत दर्यानगरात चौदा माणसं मेली आणि सारवडची पाच. ती बारा-तेरा पोरं वाचली. त्या घरात नंतर कुणी शिरलं नाही.

लवादाने सुनावणी पुढे ढकलली. माझा सुधारित अहवाल दोन्ही बाजूंनी फेटाळला. सारवडवाले म्हणाले बाईचं डोकं फिरलंय, दर्यानगरवाले म्हणाले भावाला वाचवतेय. मग दोन्हीकडे केतकीचे फलक लागले. सारवडच्या फलकावर तिच्या खांद्याशी चक्री काटा रंगवला होता आणि खाली लिहिलं होतं, भाल्याने घात केला. दर्यानगरच्या फलकावर शेपटी काटा, आणि खाली, कोयत्याने घात केला. फोटो एकच, माझ्याच फोनमधून गेलेला. जन्मात तिने कुठलाही काटा लावला नव्हता.

पंधरा दिवसांनी मला लवादाचं पत्र आलं. सोबत दोन मोहरबंद पेट्या, एकीत कोयता, दुसरीत भाला. विचारणा एका ओळीची: कोणता घाव आधी बसला, ते कळवावे. कारण कायद्याने ज्या बाजूने तिला मारलं, त्या बाजूचा पाण्यावरचा दावा पडणार होता. कसोटीला हे दोन तासांचं काम. हृदय चालू असेपर्यंत पहिल्या पात्याचे सूक्ष्म कण रक्ताबरोबर अंगभर फिरतात आणि दुसऱ्या पात्यावर येऊन चिकटतात. ज्या पात्यावर दुसऱ्याचे कण, ते नंतरचं. अशा कामासाठी राज्यात माझ्याइतकं तयार कुणी नाही, हेही पत्रात लिहिलं होतं.

मी पेट्या दोन दिवस टेबलावर ठेवल्या. माझ्या पोरीचा जीव कुणी घेतला हे कुठल्या आईला नको असेल? मला हवं होतं. हात शिवशिवत होते. पण उत्तर काहीही आलं असतं, तरी त्या उत्तराचे दुसऱ्या दिवशी काटे ओतले गेले असते आणि कुणाच्या तरी खांद्यात ते घुसवले गेले असते. माझा पहिला निष्कर्ष बावीस माणसं खाऊन बसला होता, माझी पोर त्यांत धरून. मी पेट्या मोहर न फोडता परत केल्या. उत्तरात लिहिलं, दोन्ही घाव एकाच वेळी बसले, मी तिथे होते. मग कसोटीची लेसरची काच काढून फरशीवर आपटली, राजीनामा टाकला आणि घरी आले. नवी काच परदेशाहून यायला वर्ष लागतं.

गजाला भेटायला मी तुरुंगात गेले ती तीन महिन्यांनी. जायचं नाही असंच ठरवलं होतं. पण मोरेश्वर म्हणाला, "जाऊन या आई, तुमचाच हाय तो." एका हाताने तो जाळं विणायला शिकत होता तेव्हा, दाताने गाठ ओढून.

जाळीपलीकडे गजा येऊन बसला. केस सगळे पांढरे. कशी आहेस, बरी आहे, असं झालं. मग त्याने मान वर केली.

"अक्का, पेट्या तुझ्याकडे आल्या होत्या म्हणे."

"आल्या होत्या."

"मग सांग ना. फाशी देऊ देत, त्याचं काही नाही. एवढंच सांग, आधी कुणाचा बसला? माझा की त्यांचा? मी भाचीला मारलं की मेलेल्या भाचीवर कोयता पडला? मला झोप नाही गं."

त्याला 'त्यांचा' म्हटलं असतं तर तो त्या रात्री झोपला असता. 'तुझा' म्हटलं असतं तर माझ्या काळजाला थंडावा मिळाला असता. दोन्ही शब्द माझ्या जिभेवर होते.

"तिची जोडवी तू ओतलीस," मी म्हटलं. "मुशीत आधी काय टाकलंस? आपली वाटी की त्यांची घंटा?"

तो आठवू लागला. डोळे बारीक करून, बापासारखे. 

"नाही आठवत," तो म्हणाला. "एकदा वितळल्यावर आधी काय होतं ते कसं सांगणार? कुणालाच नाही सांगता येत."

"मलाही नाही," मी म्हटलं.

त्याने जाळीला कपाळ टेकलं आणि तो रडायला लागला. समर्थ गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. मी जाळीतून दोन बोटं आत घातली, तेवढीच जात होती, आणि त्याच्या कपाळाला लावून बसले. वेळ संपल्याची घंटा झाली.

बाहेर पडताना फाटकावरच्या हवालदाराने वही पुढे केली. सही करायची होती. कैद्याचं नाव त्याने भरलेलं होतं, नात्याची जागा रिकामी होती.

"कोण लागतो तुमचा?" त्याने विचारलं.

"माझ्या मुलीचा मामा," मी म्हटलं, आणि तेच लिहिलं.